कितपत आवळायचं?

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी खूप हसले. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीकडून मराठी लेख! आमच्या शाळेत मराठी म्हणजे दुपारी जेवणानंतरचा तास. अर्धा वर्ग पेंगायचा आणि उरलेला अर्धा खिडकीबाहेर बघायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात. विषय मात्र माझ्या अंगणातला आहे आणि त्यात मी एकदा चांगलीच तोंडावर आपटलेली आहे, म्हणून लिहायची हिंमत करते.

विषय आहे टॉर्क रेंच. घरच्या घरी मोटरसायकलचं काम करणाऱ्याने तो घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला. (आणखी एक. या लेखात जो शब्द वारंवार येणार आहे तो 'पाना' आहे. पान नव्हे आणि पान्हाही नव्हे. प्रूफ तपासणाऱ्या मित्राने कृपया सुधारू नये!)

मी धरमतरची. वडखळवरून अलिबागला जाताना अंबा नदीच्या खाडीवर जो पूल लागतो, त्याच्या अलीकडे आमचं घर. गावाच्या नावात 'तर' आहे, म्हणजे होडीची ये-जा. आता होडीऐवजी पूल आहे आणि बाबा रोज सकाळी पावणेसहाला त्या पुलावरून अलिबागला कामाला जातात. त्यांची गाडी २००७ सालची हिरो होंडा. हिरो आणि होंडा केव्हाच वेगळे झाले, पण आमच्या टाकीवर अजून दोघं एकत्र नांदतात.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते. दुसरं वर्ष नुकतंच संपलेलं, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये मार्क बरे पडलेले, त्यामुळे डोक्यात थोडी हवा. म्हटलं, गाडीचं ऑइल मी बदलते. बाबांनी पाने काढून दिले आणि शेजारी स्टूल टाकून बसले. ऑइल निथळलं, ड्रेन बोल्ट पुसला, परत लावला, १७ च्या रिंग पान्याने आवळला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. तेवढ्यात माझा आतेभाऊ आला. बघून म्हणाला, "पोरीने आवळलंय मामा, वाटेत गळेल."

बस्स! मी घरातून अर्धा इंची पाइपचा तुकडा आणला, पान्याच्या मागे खोचला आणि दोन्ही हातांनी अशी ओढले की विचारू नका. बोल्ट फिरला, अजून फिरला, आणि मग एकदम हलका झाला. तो हलकेपणा म्हणजे काय हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, बसला नीट.

तिसऱ्या दिवशी बाबा पुलावर पोचले तर बुटाचा तळ फूटरेस्टवरून घसरायला लागला. खाली बघतात तो बूट ऑइलने माखलेला आणि मागच्या टायरच्या कडेलाही ऑइल. गाडी बाजूला घेतली. लिटरभर ऑइल असतं त्या इंजिनात, त्यातलं निम्मं रस्त्यावर. पुलावर मागे ट्रक होते. मागचा टायर वळणावर घसरला असता तर काय, हे वाक्य घरात कोणी पूर्ण केलं नाही. बाबांनी गाडी ढकलत घरी आणली, कामाचा खाडा झाला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी बोल्टला बोट लावलं, तो नुसत्या बोटाने फिरला. म्हणाले, "बाय, जास्त आवललंस." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता त्या पाइपचं गणित बघा, कारण ते मी नंतर रात्रभर करत बसले होते. माझ्या १७ च्या पान्यावर हाताची पकड साधारण २० सेंटीमीटरवर येते. तिथे १५ किलोचा जोर लावला की जवळपास ३० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. त्या बोल्टला लागतो तेवढाच, किंबहुना थोडा कमीच. १५ किलो म्हणजे काही फार नाही, मेसमधली तांदळाची अर्धी गोणसुद्धा नाही. मी पाइप लावून पकड अर्ध्या मीटरवर नेली आणि २० किलोचा जोर लावला असं धरलं तरी ९८ न्यूटन-मीटर झाले. तिपटीपेक्षा जास्त! बोल्ट पोलादाचा, पण तो ज्यात बसतो ते क्रँककेस ॲल्युमिनियमचं. दोघांच्या भांडणात आटे कोणाचे जाणार हे सांगायला इंजिनिअरिंग लागत नाही.

एका टोमण्यापायी गेले ते आटे. मला सिद्ध करायचं होतं की माझ्या हातात जोर आहे. तो होताच, दुर्दैवाने.

वडखळ नाक्यावरच्या एका काकांनी ते भोक मोठं करून त्यात हेलिकॉइल बसवून दिलं. म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, तीच नवे आटे बनते. आता तो बोल्ट मूळच्यापेक्षा मजबूत आहे असं ते सांगतात. काकांनी बोल्ट आवळला तेव्हा मी विचारलं, "किती आवळलात?" ते म्हणाले, "हाताला कलतं ना बाय."

इथून माझं खरं म्हणणं सुरू होतं.

हाताला कळतं, हे खोटं नाही. मला आधी ते खोटं वाटलं होतं. आपण शिकलेले लोक लगेच म्हणतो की मेकॅनिक अंदाजाने काम करतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एक प्रयोग केला. आपल्या लॅबमधून सरांच्या सहीने काट्याचा टॉर्क रेंच घरी नेला (सर, आभार, परत आणून दिलाय, रजिस्टर बघा). काकांकडे भंगारात एक जुनं क्लच कव्हर पडलं होतं. त्यातले ६ मिलीमीटरचे चार बोल्ट त्यांना आवळायला दिले, काटा त्यांना दिसणार नाही असा माझ्याकडे फिरवून. रीडिंग आली ११, १०, १२, ११. मग मी आवळले. डोळे मिटून, अगदी प्रामाणिकपणे. ७, १६, १२, १९. असल्या बोल्टला मॅन्युअलमध्ये साधारण १० ते १२ दिलेले असतात. म्हणजे काका चारही वेळा पास आणि मी चारात एकदा, तेही चुकून.

मी थक्क होऊन विचारलं, कसं जमतं? तर हसून म्हणाले, पहिली दोन वर्षं नुसते बोल्ट मोडले, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, मग हात बसला. वीस वर्षं झाली आता.

तर मित्रमैत्रिणींनो, हा मुद्दा आहे. काकांच्या हाताचं कॅलिब्रेशन झालेलं आहे, आणि ते वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या बोल्टांवर झालेलं आहे. आपल्याकडे एकच गाडी असते, तीही बहुतेक वडिलांची. दोन वर्षं मोडायला आपल्याकडे बोल्ट नाहीत. ज्याचा हात बसलेला नाही त्याने हाताचा अंदाज हा शब्द वापरू नये. उपकरण आणावं. यात कमीपणा नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे ओढणारा कोण आहे हे टॉर्क रेंच विचारत नाही. मुलगी असो, पहिलवान असो, आतेभाऊ असो, आकडा आला की 'टक्' करतो.

कल्पनाही काही आजकालची नाही. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार नावाच्या माणसाने १९१८ च्या सुमारास तो पहिल्यांदा बनवला असं सांगतात. जमिनीखालच्या पाइपांच्या जोडांवरचे बोल्ट कामगार जास्त आवळायचे आणि त्यांचा पार बट्ट्याबोळ व्हायचा म्हणून. म्हणजे माझ्यासारखे तेव्हाही होते.

आता घ्यायचा कुठला. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, आपल्या हॉस्टेलच्या पार्किंग शेडमध्ये यावरून वादही झालेला आहे.

मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेले होते. ज्यांनी ती गल्ली पाहिली नाही त्यांनी एकदा जरूर पाहावी, मेकॅनिकलवाल्यांचं पंढरपूर आहे ते! एका दुकानात 'बाइकसाठी टॉर्क रेंच' म्हटलं तर दुकानदाराने अर्ध्या इंची चौकाचा लांबलचक रेंच काढून काउंटरवर ठेवला. ४२ ते २१० न्यूटन-मीटर. म्हणाला, हा घेऊन जा, सगळ्याला चालतो. आपल्याकडचे बहुतेक जण हाच घेतात. मोठा आहे, भक्कम दिसतो, कारलाही चालेल, पैसे वसूल.

माझं म्हणणं असं की बाइकवाल्याने हा सगळ्यात शेवटी घ्यावा.

घरी आल्यावर मी एक वही केली. वर्षभरात बाबांच्या गाडीवर मी जे जे नट-बोल्ट प्रत्यक्ष उघडते त्यांची यादी, आणि प्रत्येकापुढे सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा. ड्रेन बोल्ट, टॅपेट कव्हर, स्पार्क प्लग, क्लच कव्हर, साइलेन्सर, हँडलचे क्लँप, ब्रेकचं, चेनचं, मागचा ॲक्सल, सगळं. १७ झाले. त्यातले १० हे १५ न्यूटन-मीटरच्या आतले. ५ हे २० ते ३० मधले. आणि फक्त २ हे ५० च्या वर, दोन्ही चाकांचे ॲक्सल नट. म्हणजे ४२ ते २१० चा रेंच माझ्या १७ पैकी दोघांच्याच कामाचा! उरलेले १५ त्याच्या पट्टीच्या खालीच राहतात. आणि ज्यांचे आटे जायची भीती सगळ्यात जास्त, ते ॲल्युमिनियममधले बारके बोल्ट, ते याच पंधरात.

कोणी म्हणेल, पट्टी ४२ पासून आहे तर खाली अंदाजाने १० वर सेट करू. नाही होत. 'टक्' करणाऱ्या रेंचमध्ये आत एक स्प्रिंग असते. मूठ फिरवली की ती दाबली जाते, आणि दाबाइतका टॉर्क झाला की आतला खटका सुटतो. ती स्प्रिंग कमाल आकड्याच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात भरवशाची राहत नाही. म्हणून २१० चा रेंच ४२ पासूनच सुरू होतो, भागाकार करून बघा. त्याच्याकडून १० ची अपेक्षा म्हणजे उसाच्या काट्यावर सोनं तोलणं.

म्हणून, एकच घ्यायचा असेल तर पाव इंची चौकाचा लहान घ्या, ६ ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपासचा. ५ ते २५ सुद्धा बाजारात खूप मिळतात, पण आधी आपला ड्रेन बोल्ट किती मागतो ते बघा. शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांत तो २० ते ३५ मध्ये कुठेही असू शकतो. माझा नेमका ३० च्या आत बसला म्हणून मी तो घेतला, दोन हजारांच्या आत आला. दुसरा घ्यायची ऐपत असेल तेव्हा तीन सूत चौकाचा, वीसपासून शंभरपर्यंतचा. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा शब्द मला बाबांनी शिकवला. शाळेत 'थ्री-एट्थ' शिकवलं होतं, ते पेणच्या बाजारात कोणाला कळेना.)

यावर शेडमधल्या एका सीनियरचा आक्षेप होता आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. तो म्हणाला, "बारका बोल्ट गेला तर पैसे जातात. ॲक्सल सैल राहिला तर माणूस जातो. मग आधी मोठा का नको?" मी यावर बराच विचार केला. ॲक्सलचा नट पोलादाचा, ज्यावर बसतो ते पोलादाचं, जाड आटे. थोडं इकडेतिकडे तो सहन करतो. शिवाय त्याला सेल्फ-लॉक किंवा स्प्लिट पिन असते. नवशिक्याचा हात जिथे चुकतो ते बारक्या बोल्टांवर, कारण तिथे हाताला काही लागतच नाही आणि आपण 'अजून थोडं' करत जातो. आणि खरं सांगू? बाबांचा बूट ज्या दिवशी घसरला तो दोष ॲक्सलचा नव्हता, एका ड्रेन बोल्टचा होता. पैसे आणि माणूस यांची इतकी सोपी वाटणी मला तरी करता येत नाही. ॲक्सलसाठी मोठा रेंच जरूर हवा, पण चेन टाइट करायला महिन्यातून एकदा लागणारी वस्तू अख्ख्या मजल्यात एक पुरते.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. मॅन्युअलच्या सुरुवातीला बोल्टच्या जाडीप्रमाणे एक सर्वसाधारण तक्ता असतो. होंडाच्या मॅन्युअलांत साधारण असा: ६ मिमीला १०, ८ मिमीला २२, १० मिमीला ३४, १२ मिमीला ५४. हा तक्ता कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि सगळे तोच लावतात. पण तो ज्या बोल्टचा वेगळा आकडा दिलेला नाही त्यांच्यासाठी असतो. ड्रेन बोल्टची जाडी १२ मिमी म्हणून त्याला ५४ लावाल तर थेट माझ्या पंक्तीला येऊन बसाल. त्याचा आकडा वेगळा दिलेला असतो, जवळपास निम्मा, कारण खाली ॲल्युमिनियम आहे आणि त्याचं काम फक्त वायसर दाबून ऑइल अडवणं एवढंच. वायसर दर वेळी नवा घ्या, चहापेक्षा स्वस्त मिळतो.

आणि एककं! जुन्या मॅन्युअलमध्ये किलो-मीटर असतं (अंतराचं नव्हे, किलोग्रॅम-फोर्स गुणिले मीटर), रेंचवर एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला पाउंड-फूट. माझ्या रूममेटने पाउंड-फूटच्या बाजूला १० लावलं होतं, म्हणजे झाले १३.६ न्यूटन-मीटर. मी वेळेत बघितलं. हसू नका, १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ याच घोळात गेलं; एका गटाने आकडे पाउंडात दिले, दुसऱ्याने न्यूटनमध्ये समजून घेतले. त्यांच्याकडे नासा होती, आपल्याकडे रूममेट आहे.

आता एक गोष्ट खास आपल्या कोकणपट्टीतल्यांसाठी, आणि हा मुद्दा मला स्वतःला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

आमच्याकडे खाडीचा वारा खारा. पेण-धरमतर पट्ट्यात मिठागरं आहेत यावरूनच काय ते समजा. दाराच्या कड्या, सायकलची चेन, तुळशीवृंदावनाची जाळी, सगळं गंजतं. गाडीचे बोल्ट कसे सुटतील? आणि टॉर्क रेंच टॉर्क मोजतो, बोल्ट किती ताणला गेला ते मोजत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं मी व्हायव्हामध्ये ठोकून दिलं होतं आणि मार्क घालवले होते. आपण लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. मॅन्युअलमधला आकडा स्वच्छ, कोरड्या आट्यांचा असतो (ऑइल लावायचं असेल तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं). आटे गंजलेले असले की घर्षण वाढतं, रेंच बिचारा 'टक्' करतो, आपण खूश, आणि बोल्ट मात्र आतून सैलच. उलट बाजूने, गंज नको म्हणून कोणी आट्यांना भरपूर ग्रीस फासलं की घर्षण कमी होतं, त्याच 'टक्'ला बोल्ट जास्त ताणला जातो आणि मोडतो. म्हणजे महागडा रेंच आणून गंजक्या बोल्टवर चालवणं म्हणजे न झाडता रांगोळी काढणं. आधी तारेचा ब्रश, मग रॉकेल किंवा पेट्रोलने पुसणं, कोरडं करणं, बोल्ट हाताने शेवटपर्यंत सहज फिरतो ना ते बघणं, आणि मग रेंच. फार गंजला असेल तर बोल्टच बदला. माझ्या यादीतले चार मी बदलले.

विकत घेताना आणखी काय बघायचं? आत सर्टिफिकेट आहे का आणि त्यावरचा नंबर रेंचवर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, एवढं तरी नक्की. 'टक्'वाल्या चांगल्या रेंचची चूक अधिक-उणे चार टक्क्यांत असते, तेवढी आपल्याला भरपूर झाली. डिजिटल मिळतात, दोन टक्क्यांपर्यंतचे, पण सेल संपले की बसा. काट्याचा रेंच सर्वात साधा, आत स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखं काही नाही, काटा शून्यावर दिसला की झालं. मला तो मनापासून आवडतो, फक्त गाडीखाली आडवं झोपून काटा वाचताना मान मोडते. पट्टी ठळक असावी. मूठ फिरवून आकडा लावायची पद्धत अगदी मायक्रोमीटरसारखी आहे, मुख्य पट्टी अधिक गोल पट्टी. मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये ज्यांनी शेजाऱ्याची रीडिंग उतरवली त्यांना इथे त्रास होणार.

घरी तपासायचा एक उपाय आहे. रेंचचा चौक वाइसमध्ये धरा, रेंच आडवा ठेवा, मुठीच्या मध्यावर दोरीने बादली अडकवा. चौकापासून दोरीपर्यंत २२ सेंटीमीटर अंतर असेल तर बादलीसकट सात किलो वजनाला १५ न्यूटन-मीटर होतात. रेंच १५ वर लावून हळूहळू पाणी ओतत जा आणि 'टक्' कधी होतो ते बघा. रेंचच्या स्वतःच्या वजनामुळे थोडा आधी होईल. हे काही रीतसर कॅलिब्रेशन नव्हे. ते वर्षाने किंवा पाच हजार 'टक्' झाल्यावर करून घ्यायचं असतं. पण पडलेला, कोणीतरी हातोडीसारखा वापरलेला रेंच यात लगेच पकडला जातो.

आणि 'टक्' झाल्यावर थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा 'टक्' करणारे मी पाहिलेत. खटका सुटल्यावरही आपण ओढत राहिलो तर बोल्ट फिरतच राहतो, रेंच काही आपला हात धरत नाही. हळू, एका दमात, मुठीच्या मध्यावर हात ठेवून ओढायचं. मागे पाइप लावायचा नाही. हे वाक्य मी किती कळकळीने लिहिते आहे ते कळलं असेलच.

शेवटी कॉलेजपुरतं एक. आपल्या वर्कशॉपच्या कपाटात तीन सूत चौकाचा एक उत्तम टॉर्क रेंच आहे, मी पाहिलाय. प्लास्टिकच्या पेटीत, कुलपात, इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर येतो. बॉइज हॉस्टेलच्या शेडमध्ये तीसेक गाड्या उभ्या असतात, त्यातले बरेच जण शनिवारी गावी जातात, महामार्गाने, रात्रीचे. शनिवारी सकाळी दोन तास तो रेंच आणि एक असिस्टंट शेडमध्ये बसले तर किती ॲक्सल तपासून होतील? हरवेल, बिघडेल, जबाबदारी कोणाची, हे सगळं सर म्हणतील आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यासाठी सहीची वही ठेवू. आमच्यातल्या दोघी वही सांभाळायला तयार आहेत, अर्ज दिला आहे, उत्तराची वाट बघतोय.

तोपर्यंत लहानासाठी माझ्याकडे या. गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवर मावशींकडे निरोप ठेवला की मी पेटी खाली आणून देते. आत एक वही आहे, त्यात गाडी, बोल्ट आणि लावलेला आकडा लिहायचा. आतापर्यंत २३ नोंदी झाल्यात, त्यातली एक माझ्या आतेभावाची आहे. ड्रेन बोल्ट, आणि खाली त्याची सही. परत करताना मूठ उलटी फिरवून सर्वात खालच्या आकड्यावर, म्हणजे ६ वर, आणून ठेवा, नाहीतर स्प्रिंग दाबलेलीच राहून थकते. कोरड्या फडक्याने पुसा. आणि नट सोडवायला त्याला हात लावू नका, त्यासाठी पेटीत बाबांचा जुना १७ चा पाना ठेवलाय. पाइप मात्र मी घरीच ठेवून आले आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी